विंडोज एक्सपीच्या मूळ सीडीतच सर्व्हिस पॅक ३ कसा मिसळायचा? (नवी ५०० जीबी डिस्क १३१ जीबीच दिसते)

काचपट्टी

नमस्कार मंडळी. प्रश्न जुन्या संगणकाचा आहे, पण माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांनी १९७४ ते १९९० या काळात काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत, साधारण अकराशे. त्या स्कॅन करायला एक जुना फिल्म स्कॅनर आहे. तो एससीएसआय या जुन्या जोडणीच्या कार्डावर चालतो आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालतच नाही. म्हणून त्याच्यासाठी एक संगणक वेगळा ठेवलाय. गेल्या महिन्यात त्याची हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली. आतलं सगळं वेळेत बाहेर काढलं आणि नवी ५०० जीबीची साटा डिस्क बसवली.

माझ्याकडची एक्सपी प्रोफेशनलची सीडी अगदी पहिली, २००१ ची, कुठलाही सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा) नसलेली. ती घालून इन्स्टॉल सुरू केलं तर निळ्या पडद्यावर डिस्कचा आकार १३१०६९ एमबी दाखवतो. डिस्क खराब आहे का म्हणून दुसऱ्या संगणकाला लावून बघितली, तिथे पूर्ण दिसते.

सर्व्हिस पॅक ३ ची फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे, ३१६ एमबीची. तो सीडीतच मिसळून नवी सीडी करता येते असं ऐकलंय. हे मी कधी केलेलं नाही. आजवर सीडी घालायची आणि नेक्स्ट नेक्स्ट करायचं, एवढंच. एक्सपी असलेला एक जुना लॅपटॉप हाताशी आहे, त्यावर काम करू शकते. नेमकं काय करू? सोपा मार्ग असेल तर तोही सांगा, पण डिस्कवरचं काही उडेल असा नको. निगेटिव्हमधल्या काही पट्ट्यांना बुरशी लागलीय, त्या दुसऱ्यांदा स्कॅन होतील याची खात्री नाही.

सहज_आलो

एवढा खटाटोप कशाला? १३१ जीबी दिसते ना, मग त्यातच ३० जीबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करा आणि एक्सपी टाका. आत गेल्यावर सर्व्हिस पॅक ३ चालवा. मग उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसायला लागेल, तिथे दुसरं पार्टिशन करा. मी असंच केलं होतं, तासाभराचं काम.

तळघर

ताई, डिस्क चांगली आहे आणि सीडीही चांगली आहे. आधी हा १३१०६९ आकडा कुठून आला ते सांगतो. ते कळलं की पुढचं प्रत्येक पाऊल का टाकायचं ते आपोआप कळेल.

जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहायचे. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ पत्ते मावतात. एक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की १३७ जीबीच्या थोडं वर येतं, आणि संगणकाच्या हिशेबाने एमबी केले तर १३१०७२. तुमचा आकडा त्याच्याच शेजारचा आहे. त्यापलीकडच्या सेक्टरला हाक मारायला ४८ बिटांचा पत्ता लागतो आणि तो एक्सपीला सर्व्हिस पॅक १ पासून, म्हणजे २००२ पासून कळायला लागला. तुमची सीडी त्याच्या आधीची आहे. इन्स्टॉलच्या वेळी डिस्क वाचणारा ड्रायव्हर सीडीवरूनच चढतो, त्यामुळे अपुरेपणा सीडीत आहे आणि दुरुस्तीही तिथेच करायला हवी.

वर सुचवलेला मार्ग चुकीचा नाही, पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे चालू एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ थेट बसत नाही, आधी १ किंवा २ असावा लागतो. म्हणजे आणखी एक फाइल शोधा. दुसरी खाच जास्त वाईट. ही डिस्क तुम्ही दुसऱ्या संगणकाला लावली होती. तिथे जर पूर्ण आकाराचं पार्टिशन झालं असेल आणि जुनी एक्सपी त्यावर लिहायला लागली, तर १३७ जीबीच्या पुढचा पत्ता तिला लिहिताच येत नाही. वरचे बिट गळतात आणि मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, दुसऱ्याच कशावर तरी जाऊन पडतो. पडद्यावर काही चूक दिसत नाही. महिन्याभराने एखादा फोटो उघडायला जावं तर तो अर्धा असतो. तुमच्या कामात हा धोका घेऊ नका.

आता सीडीकडे. लॅपटॉपवर सी ड्राइव्हच्या मुळाशी एक फोल्डर करा, नाव एक्सपीसीडी, मध्ये जागा न सोडता. मूळ सीडीवरचं सगळंच्या सगळं त्यात उतरवा, लपलेल्या फाइलींसह. आय३८६ नावाचा फोल्डर उघडून बघा. बहुतेक फाइलींच्या नावातलं शेवटचं अक्षर अंडरस्कोर दिसेल. एक्सप्लोररच्या ईएक्सई ऐवजी ईएक्स आणि पुढे अंडरस्कोर. त्या दाबून लहान केलेल्या फाइली आहेत, इन्स्टॉलच्या वेळी फुलवल्या जातात. सर्व्हिस पॅक मिसळणं म्हणजे यातल्या जुन्या फाइली काढून त्याच नावाच्या, तशाच दाबलेल्या नव्या फाइली बसवणं आणि सोबतच्या याद्या बदलणं. मायक्रोसॉफ्टने ती सोय पॅकमध्येच दिलेली आहे. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

सर्व्हिस पॅकच्या फाइलीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब बघा. सही मायक्रोसॉफ्टची आणि वैध असेल तरच पुढे जा. पॅकची भाषा आणि सीडीची भाषा एकच हवी, इंग्रजी सीडीला इंग्रजी पॅक. सोयीसाठी फाइलचं नाव बदलून एसपी३ करा आणि सी ड्राइव्हवर ठेवा. मग स्टार्ट, रन, आणि (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं):

सी:\एसपी३.ईएक्सई /इंटिग्रेट:सी:\एक्सपीसीडी

कोलनच्या आधी-नंतर जागा सोडू नका. आधी पॅक स्वतःला उलगडतो, मग एक पट्टी सरकताना दिसते आणि शेवटी इंटिग्रेशन पूर्ण झाल्याचा निरोप येतो. चालू एक्सपीवर पॅक बसवायला आधीचा पॅक लागतो असं वर म्हटलं, तशी अट इथे नाही. २००१ च्या सीडीत ३ थेट मिसळतो. झाल्यावर एक्सपीसीडी फोल्डरच्या मुळाशी विन५१आयपी नावाची आणि शेवटी एसपी३ असलेली छोटीशी फाइल दिसायला हवी. होम आवृत्ती असेल तर आयपीच्या जागी आयसी असतं. इन्स्टॉल सुरू असताना सेटअप असल्याच खुणेच्या फाइलींवरून सीडी ओळखतो. फालतू दिसते म्हणून ती काढली की सीडी ड्राइव्हमध्ये असूनही ‘सीडी घाला’ म्हणत बसतो.

यानंतर सीडी बूटेबल करायची, म्हणजे संगणक थेट तिच्यावरून सुरू होईल अशी. मूळ सीडीवर बूट सेक्टर असतो, तो फाइल म्हणून दिसत नाही, म्हणून फोल्डर उतरवताना येत नाही. इमगबर्न या सीडी जाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये बूटेबल डिस्कच्या टॅबवर मूळ सीडीतून बूट इमेज काढायची सोय आहे. निघालेली फाइल नेमकी २०४८ बाइटची असते. तिचा आकार वेगळा आला तर काहीतरी चुकलंय. नवी सीडी करताना एम्युलेशन ‘नन’, लोड सेगमेंट ०७सी०, सेक्टरची संख्या ४. चारच का, तर ५१२ चोक २०४८.

आता थोडं मनातलं. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला तेव्हा मी एका कार्यालयातले संगणक सांभाळत होतो. मूळ सीडीने ताजी एक्सपी टाकायची, पॅच उतरवायला नेटवर्कची वायर लावायची, आणि पॅच अर्धा उतरतोय तोवर खिडकी उघडायची: रिमोट प्रोसिजर कॉल सेवा बंद पडली, ६० सेकंदांत संगणक बंद होणार. आकडा ५९, ५८ असा उतरत जायचा. रनमध्ये शटडाऊन आणि पुढे उणे ए टाइप करून तो थांबवायचा, तोवर किडा आत बसलेला. पॅच जुलैमध्येच निघाला होता, पण तो घ्यायला ज्या वायरीची गरज, त्याच वायरीतून किडा यायचा. एका दुपारी एकच संगणक तीनदा फॉरमॅट केला. त्या आठवड्यात मी सीडीत पॅक मिसळायला शिकलो. तेव्हा सर्व्हिस पॅक १ होता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे. सीडीच्या आत तेवढंच घालायचं, ज्याच्यावाचून इन्स्टॉल पुढे सरकत नाही किंवा पहिल्या बूटला मशीन उघडं पडतं. बाकी सगळं बाहेर. तुमच्या बाबतीत आत फक्त सर्व्हिस पॅक ३. त्याच्यानंतरचे तीन पॅच मला अत्यावश्यक वाटतात: केबी ९५८६४४, हा २००८ च्या ऑक्टोबरचा, कॉनफिकर नावाचा किडा ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा, केबी ४०१२५९८, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या किड्यानंतर एक्सपीसाठी मुद्दाम काढलेला, आणि केबी ४५००३३१, २०१९ च्या मे मधला, रिमोट डेस्कटॉपचा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी शेवटचे दोन त्यानंतर निघाले, यावरून भोकं किती मोठी होती ते समजा. हे तिन्ही नव्या सीडीच्या मुळाशी पॅच नावाच्या फोल्डरमध्ये नुसते ठेवा आणि इन्स्टॉल झाल्यावर, नेटवर्कची वायर लावायच्या आधी, एकेक करून हाताने चालवा.

आणि कळकळीची विनंती: कुठून तरी तयार ‘सगळं मिसळलेली’ आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत) उतरवून घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते फक्त मिसळणाऱ्याला माहीत असतं. तुमच्याकडे स्वतःची सीडी आणि स्वतःची प्रॉडक्ट की आहे, तीच वापरा.

लॅबवाला

तळघर यांच्याशी बरंच सहमत, पण ‘बाकी सगळं बाहेर’ हे पटत नाही. आमच्या लॅबमध्ये एकेकाळी चाळीस एक्सपी मशीन होती. सर्व्हिस पॅक ३ नंतर शंभराहून जास्त पॅच. चाळीस मशीनवर ते हाताने कोण चालवणार? एनलाइट हे सीडी हवी तशी बनवायचं सॉफ्टवेअर घ्यायचं, सीडीचा फोल्डर दाखवायचा, पॅक, पॅच, ड्रायव्हर, प्रॉडक्ट की, टाइम झोन सगळं एकदाच भरायचं आणि आयएसओ काढायची. सीडी घालून चहाला गेलं की परत येईपर्यंत मशीन तयार. रायनव्हीएमचा अपडेट पॅक मिळायचा, त्यात सगळे पॅच एकत्र बांधलेले असायचे, वर्षानुवर्षं तेच वापरलं. एकदाही त्रास झाला नाही.

शिवाय नको असलेले भागही काढून टाकता येतात. मेसेंजर, टूर, खेळ, नाही नाही ते कीबोर्ड. सीडी निम्मी होते आणि जुनं मशीन हलकं चालतं.

तळघर

चाळीस एकसारखी मशीन असतील तर तुमचंच बरोबर, मीही तेच केलं असतं. एकदा नीट तपासलेली सीडी चाळीसदा वापरायची, तर तपासायला लागलेला वेळ वसूल होतो. इथे मशीन एकच आहे, आणि ते आयुष्यात एकदा-दोनदा इन्स्टॉल होणार.

पॅच मिसळणार असाल तर क्रम मात्र पाळा. सर्व्हिस पॅक आधी, पॅच नंतर. आधी पॅच घातलेल्या फोल्डरवर पॅक चालवला तर तो सरळ नकार देतो, की इथे आधीच अपडेट मिसळलेले आहेत. मग मूळ सीडीपासून परत सुरुवात.

भाग काढण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, ताई, ते करू नका. एनलाइटमध्ये काढायच्या यादीत स्कॅनर आणि कॅमेऱ्याचा भागही असतो. मी एकदा एका मशीनसाठी ‘इथे कॅमेरा कोण लावणार’ म्हणून तो काढला. चार महिन्यांनी त्या मशीनला स्कॅनर लावायची वेळ आली. ड्रायव्हर बसायचा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नाही, पण सॉफ्टवेअर म्हणे स्कॅनर सापडत नाही. दोन दिवस केबल, कार्ड, ड्रायव्हर बदलत बसलो. विंडोजच्या पोटातली सेवाच नव्हती, आणि ती मीच काढली होती हे चार महिन्यांत विसरलो होतो. अख्खी एक्सपी पुन्हा टाकावी लागली. तुमचं तर सगळं कामच स्कॅनरचं आहे.

काचपट्टी

तळघर काका, मनापासून आभार. इतकं उलगडून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दमात इंटिग्रेशन झालं, एसपी३ वाली फाइल दिसली, बूट इमेजही बरोबर २०४८ बाइटची निघाली. बर्न केलेली सीडी स्कॅनरच्या संगणकात घातली, कुठलीही कळ दाबा म्हणाला, दाबली, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ: सीडीबूट, एनटीएलडीआर सापडली नाही. तिथेच थांबला.

सगळं परत पहिल्यापासून केलं, दुसरी सीडी जाळली, तीच ओळ. एनटीएलडीआर नावाची फाइल मी फोल्डरमध्ये शोधली, ती आय३८६ मध्ये आहे. मग सापडत का नाही?

तळघर

म्हणजे बूट सेक्टर नीट बसलाय, नाहीतर ही ओळही उमटली नसती. तो सीडीच्या मुळाशी आय३८६ शोधतो आणि तो त्याला मिळत नाहीये. एक करा, जाळलेली सीडी लॅपटॉपमध्ये उघडा. उघडल्या उघडल्या आय३८६ दिसतो की आधी एक्सपीसीडी फोल्डर दिसतो? माझा अंदाज दुसरा. इमगबर्नमध्ये अख्खा फोल्डर ओढून टाकला की असं होऊ शकतं. फोल्डरच्या आत जाऊन सगळं निवडा आणि ते टाका.

तसं नसेल तर दुसरं कारण फाइलींच्या नावापुढे लागणारा अर्धविराम आणि १. जुन्या सीडीच्या मानकात फाइलच्या आवृत्तीचा आकडा नावाला चिकटवायची पद्धत आहे आणि या बूट सेक्टरला तो चालत नाही. आयएसओच्या बंधनांच्या टॅबवर तो न लावण्याचा पर्याय असतो.

पुढची सीडी जाळण्याआधी आयएसओ फाइल करा आणि ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा. चकत्या वाया जाणार नाहीत.

काचपट्टी

अंदाज अगदी बरोबर होता, सीडी उघडली तर आत एकटा एक्सपीसीडी फोल्डर! दुरुस्त केलं, भावाच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयएसओ चालवली. पूर्ण इन्स्टॉल झालं, सर्व्हिस पॅक ३ लिहून आलं. इतका आनंद झाला की लगेच सीडी जाळून खऱ्या संगणकात घातली.

तिथे निळ्या पडद्यावर सगळे ड्रायव्हर चढले, खाली ‘विंडोज सुरू होत आहे’ आलं, आणि मग दुसरा, पूर्ण निळा पडदा. स्टॉप, ०एक्स००००००७बी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तिथेच. व्हर्च्युअलमध्ये चालणारी सीडी खऱ्यात का अडावी? आणि जुनी सीडी निदान डिस्क दाखवत तरी होती, मग हिने ती का दाखवू नये? मिसळताना माझ्याकडून काही मोडलं का?

तळघर

काही मोडलं नाही. ७बी म्हणजे बूट करायची डिस्कच हाती लागत नाही. जुन्या सीडीला दिसत होती आणि नवीला नाही, तर मधल्या काळात संगणकात काय बदललं ते आठवा. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) हात घातला होता का?

काचपट्टी

आठवलं. घड्याळ सारखं २००८ दाखवायचं म्हणून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदलली. त्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना बायोसने सेटिंग हरवल्याचं सांगितलं, म्हणून ‘डीफॉल्ट लोड करा’ केलं.

तळघर

सापडलं. बायोसमध्ये साटा मोड नावाची ओळ शोधा, ती आता एएचसीआयवर, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीवर गेली असणार. आधी आयडीई ही जुनी पद्धत होती म्हणून जुन्या सीडीला डिस्क दिसली.

एक्सपी जन्मली तेव्हा एएचसीआय नव्हतं, आणि सर्व्हिस पॅक ३ मध्येही त्याचा ड्रायव्हर नाही. पॅकमध्ये सगळं आलं असेल असं वाटणं साहजिक आहे, पण तो विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा गठ्ठा आहे, प्रत्येक बोर्डाच्या ड्रायव्हरचा नाही. व्हर्च्युअलबॉक्स एक्सपीच्या मशीनला आपणहून आयडीई डिस्क देतो, म्हणून तिथे सुरळीत गेलं. खऱ्या मशीनची नक्कल करायची असेल तर तिथेही डिस्क साटाच्या खाली जोडून बघायची, मग हाच निळा पडदा तिथेच दिसतो.

तुम्हाला दोन वाटा आहेत. सोपी म्हणजे बायोसमध्ये आयडीई करा, सेव्ह करा, सीडी घाला. काहीही मिसळायला लागणार नाही. एएचसीआयमुळे एकाच वेळी खूप वाचन-लेखन असेल तर फायदा होतो, तुमच्या संगणकाचं काम एका वेळी एक निगेटिव्ह. फरक जाणवणारही नाही. मी हीच घेईन.

दुसरी वाट इथे येणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो, कारण काही बोर्डांवर आयडीईचा पर्यायच नसतो. तिथे ड्रायव्हर सीडीच्या आत घालावाच लागतो, बाहेर ठेवून भागत नाही. एक्सपीचा सेटअप एफ६ दाबल्यावर ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरून घेतो, आणि फ्लॉपी आता कुठून आणायची! अशा वेळी एनलाइट योग्य. त्यात ड्रायव्हरच्या पानावर आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती असलेली) दाखवायची आणि टेक्स्टमोड निवडायचं. साध्या ड्रायव्हरसारखा घातला तर तो डेस्कटॉप आल्यावरच कामाला येतो, आणि डेस्कटॉप येतच नाही. मग कंट्रोलरची एक लांब यादी उघडते, तिथे अंदाजाने बोट ठेवू नका. चालू विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कंट्रोलरचा हार्डवेअर आयडी बघा. व्हीईएन नंतर ८०८६ असेल तर इंटेल, आणि डीईव्ही नंतरचा आकडा नेमका चिपसेट सांगतो, उदाहरणार्थ २९२२ म्हणजे आयसीएच९ घराण्यातला एएचसीआय. तोच आकडा ड्रायव्हरच्या आयएनएफमध्ये शोधायचा. सापडला तर ड्रायव्हर बरोबर. ३२ बिट एक्सपीला ३२ बिटच ड्रायव्हर.

मोड कुठला ते इन्स्टॉलच्या आधी ठरवा आणि नंतर बदलू नका. बसलेल्या एक्सपीखाली तो बदलला की पुन्हा हाच ७बी.

सातवाला

मध्येच घुसतोय, माफ करा. विंडोज ७ च्या डीव्हीडीत असंच स्लॅश इंटिग्रेट करून सर्व्हिस पॅक १ घालता येतो का?

तळघर

नाही. ७ ची मांडणीच वेगळी आहे. तिथे आय३८६ नाही, सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल.विम नावाची एकच मोठी इमेज असते. ती डिझम या आज्ञेने एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, ॲड-पॅकेजने पॅच घालायचे आणि कमिट करून बंद करायची. कमिट विसरलात तर सगळी मेहनत जाते. पण सर्व्हिस पॅक १ असा बाहेरून घालायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलेली नाही, म्हणून सर्व्हिस पॅक १ आधीच असलेली डीव्हीडीच मुळाला धरा. तिच्यात आधी केबी ३०२०३६९ आणि मग केबी ३१२५५७४. हा दुसरा म्हणजे २०१६ च्या मे मध्ये निघालेला एकत्रित गठ्ठा, पहिला नसेल तर तो बसत नाही. नव्या बोर्डावर यूएसबी ३ चा ड्रायव्हर इन्स्टॉल.विमबरोबर बूट.विममध्येही घालावा लागतो, नाहीतर इन्स्टॉलच्या पहिल्याच पानावर माउस आणि कीबोर्ड मुके होतात. बूट.विममध्ये दोन इमेज असतात, सेटअप दुसऱ्या क्रमांकाच्या इमेजमधून चालतो.

याहून खोलात जायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. हा ताईंचा धागा आहे.

काचपट्टी

झालं! साटा मोड आयडीई केला, सीडी घातली, आणि पार्टिशनच्या पानावर ४७६९३८ एमबी. तो आकडा बघून मी खरंच खुर्चीतून उठले. ४० जीबी विंडोजला, बाकी सगळं स्कॅनला. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक ३. तिन्ही पॅच काकांनी सांगितलेल्या क्रमाने, वायर न लावता चालवले. तिसऱ्यानंतर रीस्टार्ट मागितला, दिला. नंतर एससीएसआय कार्ड एक्सपीने स्वतःच ओळखलं, स्कॅनरचं सॉफ्टवेअर बसलं, आणि सुरू करताना स्कॅनरने पूर्वीसारखाच दोनदा घरघर आवाज केला.

बुरशीवाली पट्टी आधी घेतली. सहा फ्रेम होत्या, पाच नीट आल्या. सहाव्याच्या कडेला डाग आहे, पण आजीचा चेहरा स्वच्छ आलाय. त्या फोटोची छापील प्रत आमच्याकडे कधीच नव्हती.

संगणकाची वायर कायमची काढून ठेवलीय, स्कॅन पेनड्राइव्हने बाहेर नेते. त्या सीडीच्या दोन प्रती केल्या आणि एक आयएसओ भावाकडे ठेवली. दोन्ही चकत्यांवर मार्करने लिहिलंय: एक्सपी प्रो, एसपी३ आत, पॅच बाहेरच्या फोल्डरमध्ये, साटा मोड आयडीई. आणि बॅटरी बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला.